गाडीचा बोल्ट बदलताना

गाडीचा बोल्ट तुटला, तर दिसायला तसाच दुसरा आणून बसवू नका. जुना बोल्ट दुकानात सोबत न्या. आधी त्याच्या डोक्यावरचा आकडा वाचा: 8.8, 10.9 की 12.9. आकडा मोठा, तशी ताकद जास्त. मग जाडी, लांबी आणि आट्यांमधलं अंतर, म्हणजे पिच, तपासा. 10 मिलिमीटर जाडीचा बोल्ट 1.5 पिचचा मिळतो, तसाच 1.25 चाही. चुकीचा बोल्ट जोर लावून बसवला, तर आटेच जातात. स्टेनलेस स्टीलचा नेहमीचा बोल्ट सहजासहजी गंजत नाही, पण 10.9 च्या बोल्टपेक्षा तो कमजोर असतो. ब्रेक, स्टिअरिंग आणि सस्पेन्शनसाठी पार्ट नंबर सांगून अस्सल बोल्टच घ्या आणि मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कवरच आवळा. थोड्या पैशांसाठी जीव धोक्यात घालू नका.