शोर पासवरचा माणूस

(जामखेड तालुक्यात तरुण कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण. बोललो तसंच उतरवलंय, थोडं सावरून.)

मित्रांनो, आणि मागं भिंतीला टेकून बसलेल्या आयाबायांनो, जय भीम.

मला सांगितलं होतं, कविता म्हण. कविता पुन्हा कधीतरी. आज मी प्रवासावर बोलणार आहे. हसू नका. प्रवास म्हणलं की रविवारच्या पुरवणीतला गॉगल लावून हत्तीपुढं उभा राहिलेला माणूस आठवतो. आपला प्रवास म्हणजे ऊसतोडीला निघालेला ट्रक, नाहीतर सहा डिसेंबरची दादरची गाडी. आपण टोळीनं जातो, टोळीनं येतो. एकट्यानं, काम नसताना, कुणी बोलावलेलं नसताना परक्या शहरात नुसतं हिंडायचं, हे आमच्या घरात कुणी केलं नव्हतं. मी केलं. नऊ दिवस. आफ्रिकेत, मोंबासाला.

मी मुंबईच्या गोदीत कंत्राटावर मजुरी करतो. एका मुकादमानं आमची सहा जणांची टोळी जहाजावर घेतली. जहाज चालतं तेव्हा गंज खरवडायचा, होल्ड झाडायचं, रंग मारायचा. किलिंदिनी बंदरात जहाजाचं यंत्र बिघडलं आणि आम्ही धक्क्याला अडकलो. हातात शोर पास दिला. शोर पास म्हणजे किनाऱ्यावर उतरायचा परवाना. बाकीचे पत्ते कुटत बसले. मी गेटाबाहेर पडलो.

पहिल्या तासाभरात काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. काय ते कळंना. मग ध्यानात आलं, मला कुणी ओळखत नाही. गावात पाटलाच्या आळीतनं जाताना सायकलवरनं उतरायची सवय आमच्या आज्याला होती, बाप उतरायचा नाही पण मान खाली घालायचा, आणि मी मान वर करून गेलो तरी मान वर आहे हे मला आठवत राहायचं. मुंबईत खोली बघायला जा, दुसरा प्रश्न आडनाव. इथं लोक विचारत होते, ‘इंडिया?’ मी म्हणायचो, ‘इंडिया.’ संपलं. आडनाव खिशात पडून होतं आणि खिसा हलका लागत होता.

मोंबासा हे बेट आहे. दक्षिणेला पलीकडं जायला लिकोनीची फेरीबोट. पायी जाणाऱ्याला फुकट. मी एका दिवसात सात वेळा गेलो आलो, काही कारण नसताना. पोर्तुगीजांनी १५९३ साली बांधायला घेतलेला फोर्ट जीझस बघितला. मोई अ‍ॅव्हेन्यूवर रस्त्यावरनं कमान केलेले पत्र्याचे हस्तिदंत बघितले. आपल्याकडं असते तसलीच तीनचाकी रिक्षा तिथं धावते, तिला टुकटुक म्हणतात. आणि कानावर काय पडावं? दुकानाला ‘दुका’, गाडीला ‘गारी’, चहाला ‘चाय’, चपातीला ‘चपाती’. आणि पाठीवर पोतं वाहणाऱ्याला काय म्हणतात? ‘हमाली’. मी रस्त्यात उभा राहून येड्यासारखा हसलो. समुद्र ओलांडून आलो, आणि माझ्या कामाचं नाव माझ्याआधी पोचलेलं!

नाव पोचलं तशी माणसंही पोचली होती. बेटाच्या उत्तरेला, पूल ओलांडला की एक चौक आहे, केंगेलेनी. केंगेले म्हणजे घंटा. मुंबईचा आधीचा गव्हर्नर बार्टल फ्रेअर, त्याच्या नावानं १८७५ मध्ये तिथं सुटलेल्या गुलामांची वस्ती बसली, फ्रेअर टाऊन. त्या वस्तीत आपल्या नाशकातनं गेलेली माणसं होती. होय, नाशिक. इंग्रजांच्या आरमारानं गुलामांची गलबतं पकडली, त्यातली आफ्रिकन पोरं मुंबईला उतरवली, आणि मिशननं त्यांना नाशिकजवळ शरणपूरला शिकवलं, धंदा दिला. ती पोरं मोठी होऊन परत आफ्रिकेत गेली. तिथं त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणायचे. त्यातला जेकब वेनराइट हा लिव्हिंग्स्टनचं प्रेत घेऊन थेट लंडनपर्यंत गेला, १८७४ मध्ये. गुलाम पकडणारे आले की फ्रेअर टाऊनची घंटा वाजायची. घंटा अजून तिथं आहे. मी तिच्याखाली बराच वेळ उभा होतो. मोकळं झालेल्या माणसालाही घंटा लागते, हे मला तिथं कळलं.

आणखी एक ऐका. १९२० च्या सुमारास केनियात इंग्रजांनी काळ्या पुरुषांवर ‘किपांडे’ लादलं. नोंदणीचा कागद, त्यावर बोटांचे ठसे, मालकाचा शेरा. तो पत्र्याच्या डबीत घालून गळ्यात अडकवून हिंडायचं. डबी नसली की शिक्षा. गळ्यात डबी! पेशवाईत पुण्यात आपल्या माणसाच्या गळ्यात मडकं होतं. लाहोरच्या मंडळानं होऊ न दिलेल्या १९३६ च्या भाषणात बाबासाहेबांनी ते लिहून ठेवलंय. थुंकी मडक्यात, नाव डबीत. माणूस मोकळा हिंडू नये म्हणून त्याच्या गळ्यात काहीतरी बांधायचं, ही अक्कल जगभरच्या मालकांना सारखीच सुचते. आणि ते तोडायचंही सारखंच सुचतं. १९२२ च्या मार्चमध्ये हॅरी थुकूला पकडलं म्हणून नैरोबीत लोक रस्त्यावर आले, त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. १९२७ च्या मार्चमध्ये आपण महाडला होतो.

आता धोक्याचं सांगतो. नुसती मजा सांगून बसलो तर मीही पुरवणीतला गॉगलवाला होईन.

सहाव्या दिवशी संध्याकाळी बाजारपेठेत पंधराएक वर्षांच्या पोरानं माझ्या हातातला मोबाइल हिसकला. मी ओरडलो, ‘चोर! चोर!’ शेजारच्या दुकानातला आपल्याकडचा शेठ बाहेर आला आणि त्यांच्या भाषेत ओरडला, ‘म्वीझी!’ पुढच्या गल्लीत पोरगं सापडलं. मोबाइल माझ्या हातात परत आला. पण मारणं थांबंना. लाथा, दगड. एकजण जुनं टायर गडगडवत घेऊन आला. टायर कशाला, ते मला तेव्हा कळलं नाही. रात्री जहाजावर कळलं, तेव्हा जेवण गेलं नाही.

मी काय केलं? काही नाही. माझ्या एका ओरडण्यानं सगळं सुरू झालं, आणि मी मोबाइल छातीशी धरून उभा. एक म्हातारा हमाली आला. त्यानं आपली हातगाडी सरळ गर्दीत घातली, शिव्या खात पोराला उचलून गाडीवर टाकलं आणि ढकलत घेऊन गेला. बस. भाषण नाही, काही नाही.

शेठनं मला दुकानात बसवलं. खुर्ची दिली, काचेच्या गिलासात पाणी दिलं. म्हणाला, ‘ये काले लोग ऐसेच. आप तो अपने हो. सरनेम क्या?’

मित्रांनो, मी म्हणलो, ‘पाटील.’

तेवढं बोललो आणि पाणी प्यालो. गार होतं. सहा दिवस हलका वाटलेला खिसा तिथं फाटला. त्या पोरानं मोबाइल चोरला होता, मी पाटलाचं नाव चोरलं. त्याला टायर, मला खुर्ची.

म्हणून सांगतो, परक्या शहरातला मोठा धोका खिसेकापूचा नसतो. आपण तिथं एक पायरी वर चढतो, हा धोका. खालच्या पायरीवर दुसरं कुणीतरी उभं असतं, आणि पाय ठेवायला त्याचा खांदा बरा वाटतो.

दुसऱ्या दिवशी त्या म्हाताऱ्याला शोधला. त्याला थोडं हिंदी सिनेमाचं, मला थोडं इंग्रजी. त्यानं चहा पाजला. पोरगं जिवंत होतं. मी त्याला नगर सांगितलं. म्हणलो, आमच्या जिल्ह्यात तुमच्या आफ्रिकेचा मलिक अंबर होऊन गेला. हबशी, बाजारात विकलेला गुलाम, पण १६०० साली नगरचा किल्ला पडल्यावर निजामशाही त्यानं उचलून धरली, १६२६ ला मरेपर्यंत मोगलांना दमवलं, खडकी शहर वसवलं. म्हातारा खूश. म्हणाला, ‘मग तिकडं आमच्या माणसाला मान असेल.’

काय सांगू? ‘हबशी’ ही आपल्याकडं शिवी आहे. २०१७ च्या मार्चमध्ये ग्रेटर नोएडात नायजेरियन विद्यार्थ्यांना मॉलमध्ये घुसून मारलं. आणि आपल्याच जिल्ह्यात आपलं काय? खर्डा इथनं किती लांब? २८ एप्रिल २०१४, शाळकरी पोरगं, मुलीशी बोलला म्हणून मारला. २०१७ मध्ये आरोपी सुटले, साक्षीदार फिरले. २०१५ च्या मे महिन्यात शिर्डीला लग्नासाठी आलेल्या तरुणाचा मोबाइल वाजला, त्यात बाबासाहेबांचं गाणं होतं. तेवढ्यावर जीव गेला. खुद्द बाबासाहेब बॅरिस्टर होऊन आलेले, १९२९ मध्ये चाळीसगावला टांगेवाला त्यांना न्यायला तयार होईना. आपल्या माणसानंच न येणारा टांगा हाकला, आणि ते पुलावर पडले, पाय मोडला. मला मोंबासात मिळालेला शोर पास आपल्याला आपल्याच जिल्ह्यात अजून मिळालेला नाही. माझी बहीण रात्री एस.टी. स्टँडवर एकटी बसू शकत नाही. तिला तर मोंबासा फारच लांब.

तरी मी म्हणतो, जा. एकट्यानं जा. पोरींनो, तुम्हीही जा. पैसे दोन ठिकाणी ठेवा, अंधाराच्या आत परता, चार शब्द तिथल्या भाषेतले शिका. मान मोकळी होते म्हणजे काय, ते एकदा अंगाला कळू द्या. ते कळलेला माणूस गावात परत आल्यावर सायकलवरनं उतरत नाही. पण कुणी खुर्ची देऊन आडनाव विचारलं तर आपलंच सांगा. आणि गर्दी कुणावर तुटून पडली, तो काळा असो, पारधी असो, चोर असो, तर कविता सुचायची वाट बघू नका. हातगाडी मधे घाला.

जय भीम.