औषधदान आणि औषधापलीकडचा रुग्ण

(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषणाची संहिता)



आहार, औषध, ज्ञान आणि अभय ही चार दाने जैन घरातील लहान मुलालाही पाठ असतात. त्यांपैकी औषधदानाच्या बाबतीत पुण्याचा जैन समाज कधी मागे राहिलेला नाही. पेठांमधील धर्मादाय दवाखाने, रक्तदान शिबिरे, नेत्रचिकित्सा, रुग्णवाहिका या सर्वांमागे समाजाचा हात आहे. राजस्थानी व गुजराती समाजाच्या धर्मादाय प्रतिष्ठानाने उभारलेले पूना हॉस्पिटल तर सर्वांच्या परिचयाचेच आहे. तथापि पन्नाशी गाठलेल्या संस्थेने एकदा जमाखर्च मांडून पाहावा, अशी एक बाब आहे. औषध दिले, रुग्ण बरा होऊन घरी गेला आणि तीन महिन्यांनी तोच रुग्ण त्याच आजाराने पुन्हा दारात उभा राहिला, तर ते दान कोणत्या खात्यावर मांडायचे?

समजा, एखादा बांधकाम मजूर क्षयरोगाने आजारी आहे. क्षयाचे औषध शासनाकडून विनामूल्य मिळते. पण तो पत्र्याच्या एका खोलीत पाच माणसांसह राहतो. खोलीला खिडकी नाही. दवाखान्यात जायचे तर त्या दिवसाचा रोज बुडतो. रोज बुडाला की चूल पेटत नाही, आणि उपाशी पोटी घेतलेल्या गोळ्या सोसत नाहीत म्हणून तो त्या परस्पर बंद करतो. डॉक्टरांनी लिहिलेल्या चिठ्ठीत चूक नसते आणि दुकानातील औषधही अस्सल असते. आजार परततो तो घरातून. बाह्यरुग्ण विभागात रांग लागलेली असताना डॉक्टरांनी त्याच्या घरची चौकशी केव्हा करावी?

ही चौकशी करणारे एक पद रुग्णालयात असते, याची समाजातील बहुतेकांना कल्पना नसते. शासकीय रुग्णालयात त्यास समाजसेवा अधीक्षक म्हणतात, तर खाजगी व धर्मादाय रुग्णालयांत वैद्यकीय समाजकार्यकर्ता. अमेरिकेतील बोस्टन शहरी डॉ. रिचर्ड कॅबट यांनी १९०५ साली आपल्या रुग्णालयात असे पद निर्माण केले. रोग्याच्या घराची व रोजगाराची माहिती नसताना दिलेला उपचार वाया जातो, हे त्यांनी अनुभवाने ओळखले होते. भारतात मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९४६ साली पहिली नेमणूक झाली. पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था १९६३ पासून समाजकार्याचे शिक्षण देत आहे.

या व्यक्तीचे काम दिसत नाही, म्हणून त्याची स्तुतीही होत नाही. बेवारस रुग्णाची ओळख पटविणे, त्याचे गाव शोधणे, टाकून दिलेल्या वृद्धास आश्रमात जागा मिळवून देणे, पाय गमावलेल्यास कृत्रिम पाय मिळेपर्यंत पाठपुरावा करणे, जळालेल्या सुनेशी एकांतात बोलणे, आणि मूल दगावलेल्या आईला गावी जाण्यासाठी गाडीभाडे जमविणे! शस्त्रक्रियेइतकेच कौशल्य यास लागते. फरक इतकाच की, शस्त्रक्रियेच्या दालनावर देणगीदाराचे नाव कोरता येते, गाडीभाड्यावर येत नाही.

पुण्याच्या इतिहासात हे जाणणारा एक दाता होऊन गेला. डेव्हिड ससून हे बगदादहून आलेले ज्यू व्यापारी. त्यांच्या देणगीतून उभे राहिलेले ससून रुग्णालय १८६७ साली सुरू झाले, हे सर्वश्रुत आहे. परंतु नवी पेठेतील ज्या संस्थेस आज पुणेकर 'निवारा' म्हणतात, तिचे मूळ नाव डेव्हिड ससून अनाथ पंगू गृह आहे, हे फारसे कोणाच्या लक्षात नसते. रुग्णालयातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकास जाण्यासाठी घर असतेच असे नाही. एकाच दात्याच्या नावाने या शहरात रुग्णालय आणि निराधारांचा आसरा अशी दोन्ही दारे उघडी आहेत. व्यापारी माणसाने केलेला हा विचार व्यापारी समाजाने विशेष ध्यानात घ्यावा.

त्याहून पुढचे पाऊल रास्ता पेठेतील के. ई. एम. रुग्णालयाने टाकले. डॉ. बानू कोयाजी १९४४ साली तेथे रुजू झाल्या, तेव्हा ते एक छोटे प्रसूतिगृह होते. पुढे ते मोठे रुग्णालय झाले. परंतु खेड्यातून अडलेली बाळंतीण शहरात पोहोचेपर्यंत पुष्कळदा उशीर झालेला असे. तिचा रक्तक्षय आणि तिचे कोवळ्या वयातील लग्न यांवर पुण्याच्या खाटेवर उपाय नव्हता. म्हणून डॉ. कोयाजींनी सत्तरच्या दशकात शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक येथे रुग्णालयाचे काम नेले. गावातीलच माणसांना शिकवून आरोग्यरक्षक केले. पिण्याचे पाणी, आहार, स्वच्छता, लसीकरण, दोन मुलांतील अंतर हे विषय त्यांनी रुग्णालयाच्या कामात आणले. नंतर खेड्यातील तरुण मुलींच्या शिक्षणाचे व स्वावलंबनाचे कार्यक्रमही जोडले. १९९३ साली त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि २००४ साली त्यांचे निधन झाले. शिकवणीवर्ग व शिवणयंत्र यांचा रुग्णालयाशी संबंध काय, असे विचारणाऱ्यांना वढूचे काम हेच उत्तर आहे. मुलगी दोन वर्षे उशिरा बोहल्यावर चढली, तर पुढच्या बाळंतपणातील निम्मी चिंता आधीच मिटते.

आता कायद्याविषयी थोडेसे. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार राज्यातील धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवावयाच्या आहेत. त्यासाठी एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे छत्रही २०२४ पासून सर्व रहिवासी कुटुंबांना मिळाले असून त्याची मर्यादा वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपये आहे. कागदावर याहून अधिक काय हवे?

अडचण कागदाचीच आहे. खाटेसाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा शिधापत्रिका लागते. शिधापत्रिका गावी सासऱ्याच्या ट्रंकेत, रुग्ण पुण्यात अतिदक्षता विभागात, आणि नातेवाईक निरक्षर. ज्याला सवलतीची गरज सर्वांत अधिक, त्याच्याजवळ कागद सर्वांत कमी. भाडेकरारही नसलेल्या झोपडीतला, परप्रांतातून आलेला कामगार तर या जाळीतून हमखास निसटतो. त्याच्यासाठी धावणारा कोणी असेल, तर राखीव खाट त्याची. नसेल तर ती केवळ नोंदवहीत. दोन शिकलेले तरुण आठवड्यातून दोन दिवस रुग्णालयात बसून अर्ज भरू लागले, तर त्याचे मोल एखाद्या यंत्राच्या देणगीहून कमी ठरणार नाही. समाजात सनदी लेखापाल व कर सल्लागार यांची वाण नाही. कागद हाच तर त्यांचा विषय!

अन्नाविषयी मात्र विस्ताराने बोलणे प्राप्त आहे. 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात २०२३ साली झारखंडमधील एका अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २,८०० क्षयरुग्णांच्या कुटुंबांचा मागोवा घेतला होता. प्रत्येक रुग्णास दरमहा १० किलोचा शिधा मिळत असे, म्हणजे तांदूळ, डाळ, दूध भुकटी आणि तेल. निम्म्या भागात घरातील इतर माणसांनाही अधिकचे धान्य दिले गेले. त्या घरांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले. नवे औषध नाही, नवी लस नाही; घरात धान्य पोहोचले इतकेच. रुग्णांपैकी ज्यांचे वजन पहिल्या दोन महिन्यांत ५ टक्के वाढले, त्यांच्या मृत्यूचा धोकाही निम्म्याहून अधिक कमी झालेला आढळला. पोषण म्हटले की अंड्यांचा विषय निघतो व समाजातील काही मंडळी अशा उपक्रमांपासून दूर राहतात. त्यांनी हा संपूर्ण शाकाहारी शिधा अवश्य पाहावा. आहारदान व औषधदान ही दोन निरनिराळी खाती आहेत, असे यापुढे म्हणणे कठीण आहे.

तत्त्वार्थसूत्रात आभ्यंतर तपाच्या सहा प्रकारांत वैयावृत्त्य सांगितले आहे, आणि ज्यांची सेवा करावयाची त्यांत ग्लान म्हणजे रोगी यांचा स्वतंत्र उल्लेख आहे. मूळ विधान मुनिसंघापुरते आहे, हे खरे. परंतु सेवा म्हणजे केवळ औषध हाती देणे नव्हे, तर रोग्याला काय सोसते व काय हवे याची विचारपूस करणे, हा त्यातील भाव गृहस्थानेही घेण्यासारखा आहे. अलीकडे दानाच्या कार्यक्रमात छायाचित्रकार आधी आणि रुग्ण नंतर येतो. फळे वाटणारे दहा हात आणि केळे धरलेला एक आजारी चेहरा, असे चित्र वर्तमानपत्रात छापून आणण्याची प्रथा थांबली तर बरे.

केंद्र शासनाच्या निक्षय पोषण योजनेतून क्षयरुग्णाच्या खात्यात उपचार चालू असेपर्यंत दरमहा रक्कम जमा होते. २०१८ साली ती ५०० रुपये होती, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये झाली. याशिवाय २०२२ पासून कोणतीही व्यक्ती वा संस्था 'निक्षय मित्र' म्हणून नोंद करून ठरावीक रुग्णांना किमान सहा महिने शिधा देऊ शकते. हा कालावधी तीन वर्षांपर्यंत वाढविता येतो. शहरातील नोंद महापालिकेच्या क्षयरोग विभागामार्फत होते. एका दिवसाच्या शिबिराची सवय असलेल्या संस्थांना सहा महिन्यांचा नेम कदाचित जड वाटेल. पण चातुर्मासच चार महिन्यांचा असतो, त्यापुढे आणखी दोनच. रुग्णाची लेखी संमती मिळाल्यावाचून त्याचे नाव दात्यास कळविले जात नाही.