अल्पव्ययातील योगसाधना



गोमंतकात हरमल-हणजुणेच्या किनाऱ्यांवर योगाचे जे वर्ग भरतात, त्यांची शुल्के बहुधा परदेशी पाहुण्यांच्या ऐपतीला अनुसरून ठरतात. रंगीत चटया, विशिष्ट वस्त्रे, निवास-भोजनासह शिबिरे हा सारा थाट पाहून निवृत्तिवेतनावर प्रपंच चालविणारा गृहस्थ मनाशी म्हणतो, 'हे आपले काम नव्हे.' संयुक्त राष्ट्रसंघाने ११ डिसेंबर २०१४ रोजी २१ जून हा आंतरराष्ट्रीय योगदिन म्हणून मान्य केला आणि २०१५ पासून तो जगभर साजरा होऊ लागला. विद्येचा गौरव वाढला. सामान्य घरातील संकोच मात्र गेला नाही. त्या संकोचाला शास्त्राचा काही आधार आहे काय, हा आजच्या विवेचनाचा विषय होय.

भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात साधकाच्या आसनाचे वर्णन आहे. जागा शुद्ध असावी, बैठक फार उंच वा फार सखल नसावी, तीवर दर्भ, मृगाजिन व वस्त्र असावे, एवढेच तेथे सांगितले आहे. तपोवनात या वस्तू विकत घ्याव्या लागत नसत. पंधराव्या शतकातील मानल्या जाणाऱ्या 'हठयोगप्रदीपिके'त स्वात्माराम योगींनी योगाचा नाश करणाऱ्या सहा गोष्टी सांगितल्या आहेत: अत्याहार, अतिश्रम, वाचाळपणा, नियमांचा दुराग्रह, जनसंग आणि चांचल्य. या सहांत दारिद्र्याचा उल्लेख नाही. उलट नुसता वेष धारण केल्याने सिद्धी मिळत नाही, ती अभ्यासाने मिळते, असे हा ग्रंथ बजावतो. मिताहाराचा त्याचा नियम, म्हणजे उदराचा चौथा भाग रिकामा ठेवणे, हा तर खर्च वाढविणारा नव्हे, कमी करणारा आहे.

अर्वाचीन काळाची साक्षही अशीच आहे. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी शाळाशाळांतून सूर्यनमस्कारांचा प्रसार केला. या व्यायामास पुरुषभर लांबीच्या जागेवाचून काही लागत नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून योगक्रियांचे प्रयोगशाळेत परीक्षण आरंभिले. बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्यास आले, तेव्हा त्यांचे आरंभीचे दिवस अत्यंत ओढगस्तीचे होते. पुढे त्यांनी विटा, दोर, खुर्च्या, पट्टे अशा साध्या साधनांचा आधार देऊन वृद्ध व रुग्ण यांनाही आसने सुलभ केली. आज त्याच साधनांच्या आकर्षक आवृत्त्या दुकानांतून महागड्या दराने विकल्या जातात, हा काळाचा महिमा!

घरात तीच साधने हाताशी असतात. जाड सतरंजी किंवा दुहेरी घोंगडी ही उत्तम बैठक होय. पट्ट्याच्या जागी जुना पंचा, लाकडी ठोकळ्याच्या जागी कापडात गुंडाळलेली वीट, पाठीच्या आधारास भिंत आणि गुडघे दुखत असल्यास बिनहाताची खुर्ची पुरे. मात्र गुळगुळीत लाद्यांवर, विशेषतः पावसाळ्यात, सतरंजी सरकते. म्हणून उभ्याने करावयाची आसने कोरड्या भूमीवर अनवाणी, भिंतीजवळ करावी. जलनेतीसाठी अर्धा लिटर पाणी उकळून कोमट करावे व त्यात साडेचार ग्रॅम, म्हणजे चहाचा सुमारे पाऊण चमचा, मीठ घालावे.

काटकसर कोठे करू नये, हेही सांगणे अगत्याचे आहे. आरंभीचे काही पाठ जाणत्या शिक्षकासमोरच घ्यावेत. चुकीच्या सवयीने मान वा कंबर दुखावली, तर वैद्याचा खर्च शिक्षकाच्या शुल्काहून अधिक होतो. रक्तदाब, हृदयविकार किंवा काचबिंदू असणाऱ्याने डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून शीर्षासनासारख्या उलट्या आसनांच्या वाटेस जाऊ नये, की श्वास दीर्घकाळ कोंडू नये. पूर्वी बांधलेली औषधे योगाच्या भरवशावर सोडणे हे साधकाचे नव्हे, अविचाराचे लक्षण होय.

आता प्रश्न उरतो तो जागेचा आणि सोबतीचा. लहान घरात, नातवंडांच्या गडबडीत, एकट्याचा नियम टिकत नाही. देवस्थानांच्या अग्रशाळा उत्सवकाळी गजबजतात; एरवी तेथे पुष्कळ जागा मोकळी असते. पूर्वजांनी त्या दूरच्या कुळाव्यांस आसरा मिळावा म्हणून बांधल्या. देवाच्या नित्यसेवेस बाध न येता प्रातःकाळी एक तास त्यांतील एखादी जागा साधकांस मोकळी करून दिल्यास त्या हेतूस उणेपणा येणार नाही. स्त्रियांसाठी स्वतंत्र वेळ असावी, शुल्क नसावे आणि झाडलोट साधकांनीच करावी. महाजन कुटुंबांत निवृत्त शिक्षक-शिक्षिका आहेत. त्यांपैकी एक-दोघांनी रीतसर शिक्षण घेऊन ते इतरांस दिले, तर बाहेरून शिक्षक आणण्याचा व्ययही वाचेल.

ज्या विधवा भगिनीस औषधांचा खर्च भागविताना महिनाअखेर जड जाते, ज्या वृद्धास देवळापलीकडे जाण्याचे ठिकाण उरलेले नाही, त्यांना हा एक तास शरीरस्वास्थ्याबरोबर माणसांची सोबतही देईल. कार्यकारी मंडळाने हा विषय येत्या सर्वसाधारण सभेपुढे अवश्य ठेवावा. देवस्थानाच्या तिजोरीवर याचा भार नाममात्र पडेल. लाभ मात्र घरोघरी पोहोचेल.