काचेची पोलीस ठाणी



लाच न खाणारा पोलीस लोकांना जबाबदार असेलच असं नाही. जॉर्जियाच्या उदाहरणावरून आज मला एवढंच सांगायचं आहे. जॉर्जिया म्हणजे अमेरिकेतलं राज्य नव्हे. काळ्या समुद्राच्या काठचा, चाळीस लाखांच्या आसपास वस्तीचा हा देश १९९१ मध्ये सोव्हिएत संघातून बाहेर पडला आणि थेट यादवीत सापडला.

तिथल्या जुन्या वाहतूक पोलिसाचं काम सोपं होतं. पट्ट्यापट्ट्यांचा दंडुका दाखवून गाडी थांबवायची, काहीतरी चूक काढायची, नोटा खिशात घालायच्या. पगार तुटपुंजा, तोही अनेकदा थकलेला. पण हा काही एकटादुकटा चोर नव्हता. नोकरीच त्यानं पैसे मोजून मिळवलेली असायची. जागतिक बँकेच्या अहवालात हा भाव २,००० पासून २०,००० डॉलरपर्यंत नोंदलेला आहे. शिवाय वसुलीतला वाटा साहेबाकडे, साहेबाचा त्याच्या साहेबाकडे. रस्त्यावर हात पसरणारा शिपाई खरं तर कर्ज फेडत असायचा. तुम्ही हसलात, म्हणजे याहून जास्त समजावून सांगायची गरज नाही.

नोव्हेंबर २००३ मध्ये गुलाब क्रांती म्हणून ओळखलं जाणारं जनआंदोलन झालं, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष शेवर्दनात्झे पायउतार झाले आणि ३६ वर्षांचे मिखाईल साकाश्विली राष्ट्राध्यक्ष झाले. २००४ च्या उन्हाळ्यात त्यांच्या सरकारनं वाहतूक पोलीस दलच बरखास्त केलं. सुमारे १६,००० माणसं एका फटक्यात घरी! काही आठवडे रस्त्यांवर वाहतूक पोलीसच नव्हता, आणि लोकांचं त्यावाचून फारसं अडलंही नाही. ऑगस्टमध्ये नवं गस्ती दल आलं. संख्येनं बरंच लहान, बहुतेक तरुण, पगार पूर्वीच्या कित्येक पट. सुरुवातीला सरकारी पगारांना संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या आणि अमेरिकी धनाढ्य सोरोस यांच्या प्रतिष्ठानच्या निधीतून भर घातली गेली. साध्या वेशातले अधिकारी नव्या भरतीवर नजर ठेवत, लाच घेताना सापडला की तुरुंग. ठाण्यांच्या नव्या इमारती काचेच्या बांधल्या, आत काय चाललंय ते रस्त्यावरून दिसावं म्हणून. काही वर्षांतच पोलिसाला चिरीमिरी दिल्याचं सांगणारा माणूस सर्वेक्षणांत जवळपास सापडेनासा झाला. हे यश खरं आहे. त्याला नाक मुरडणाऱ्यांनी आधी आपल्या शहरातला एखादा चौक तसा करून दाखवावा.

आता दुसरी बाजू. त्या १६,००० जणांत कुणीच प्रामाणिक नसेल का? असेलही. पण प्रत्येकाची चौकशी करत बसायला वेळ नव्हता. मागे राहिलेल्यांनी आणि नव्यानं आलेल्यांनी यातून काय ओळखलं असेल? नोकरी नियमानं टिकत नाही, मंत्र्याच्या मर्जीनं टिकते. २००४ च्या डिसेंबरात गुप्तहेर खातंही गृहमंत्रालयात विलीन झालं. वानो मेराबिश्विली साडेसात वर्षं त्या मंत्रालयाचे धनी होते. पोलीस, हेरगिरी, सीमा, सगळं एका हाती. पैशाची साखळी तुटली, हुकमाची मात्र पूर्वीपेक्षा घट्ट झाली.

जानेवारी २००६ मध्ये राजधानी तिबिलिसीच्या एका कॅफेत गृहमंत्रालयातल्या बड्या मंडळींशी एका तरुण बँक कर्मचाऱ्याचा खटका उडाला. त्याच रात्री त्याला पळवून नेलं, शहराबाहेर बेदम मारलं. दुसऱ्या दिवशी त्याचा मृतदेह सापडला. मारणारे होते मंत्रालयाचेच अधिकारी. आणि सुरुवातीचा तपास कुणाकडे? त्याच मंत्रालयाच्या पोलिसांकडे. चौघांना शिक्षा झाली, पण राष्ट्राध्यक्षांनी ती कमी केली आणि २००९ मध्ये ते बाहेर आले. २०११ मध्ये स्ट्रासबुर्गच्या मानवी हक्क न्यायालयानं हा तपास स्वतंत्र नव्हता, असा स्पष्ट निकाल दिला. या सगळ्या प्रकरणात कुठेही लाच नाही, हे लक्षात घ्या.

आपल्याकडे त्याच २००६ मध्ये, प्रकाश सिंह खटल्यात, सर्वोच्च न्यायालयानं पोलीस अधिकाऱ्यांना ठरावीक कार्यकाळ आणि पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी प्राधिकरणं द्यायला सांगितलं. महाराष्ट्रानं २०१४ मध्ये कायदा दुरुस्त करून प्राधिकरण आणलं. म्हणजे जॉर्जियानं जे गाळलं, तेच आपल्या कागदावर आहे. हप्त्याचं काय झालं, ते तुम्हीच सांगा.

पुन्हा जॉर्जियाकडे वळू. सप्टेंबर २०१२ मध्ये तिथल्या तुरुंगातल्या छळाच्या चित्रफिती दूरचित्रवाणीवर आल्या. लोक रस्त्यावर उतरले आणि दोन आठवड्यांत सरकार निवडणूक हरलं. नव्या सत्ताधाऱ्यांनी २०१५ मध्ये हेर खातं गृहमंत्रालयापासून वेगळं केलं. २०१९ पासून पोलिसी अत्याचारांचा तपास राज्य निरीक्षक या स्वतंत्र यंत्रणेकडे आला. वाटलं, राहिलेलं अर्धं काम आता होणार. पण डिसेंबर २०२१ मध्ये संसदेनं घाईघाईनं कायदा करून ही यंत्रणाच मोडीत काढली आणि तिचं काम दोन नव्या कार्यालयांत वाटून टाकलं. जुन्या निरीक्षकबाईंची मुदत अर्थातच तिथेच संपली.

तीन वर्षांनी, २०२४ च्या हिवाळ्यात, सरकारनं युरोपीय संघाशी सदस्यत्वाची बोलणी लांबणीवर टाकल्याच्या निषेधार्थ तिबिलिसीतल्या रुस्तावेली मार्गावर रोज रात्री लोक जमू लागले. चेहरे झाकलेल्या पोलिसांनी आंदोलकांना मारलं, पत्रकारांनाही मारलं. जखमींच्या जबान्या लोकपालांनी नोंदवल्या. लोकपालांना नोंदी करता येतात, गुन्हा दाखल करता येत नाही. तो अधिकार असलेल्या नव्या कार्यालयाचा प्रमुख तेव्हा निवडायची संसद, आणि त्या संसदेत बहुमत होतं ते सत्ताधारी पक्षाचंच.