तवा मधोमध, बाई पंगतीत

मैत्रिणींनो, भांडी घासून झाली असतील तर जरा टेका, नसतील तर हात चालू द्या आणि कान तेवढे इकडे द्या.

आज आम्ही एका लांबच्या मुलखातल्या जेवणाविषयी बोलणार आहोत. त्याचं नाव फाहिता. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात, मेक्सिकोच्या सीमेला लागून असलेल्या भागात ते जन्मलं. मांसाचे पट्टे, कांदा, ढोबळी मिरची आणि गव्हाच्या पिठाची मऊ पोळी, एवढंच त्यात असतं. दिवसभर राबून आलेल्या बाईला संध्याकाळी पटकन करता येतं, म्हणून तिकडे ते घरोघरी होतं.

तुम्ही म्हणाल, टेक्सासचं आम्हाला काय करायचंय? आम्हीही तसंच म्हणालो होतो. पण आमच्या गटातल्या एक ताई लेकीच्या बाळंतपणासाठी सहा महिने तिकडे राहून आल्या. परत आल्यावर पहिल्याच बैठकीत आम्ही विचारलं, काय काय पाहिलंत? आम्हाला वाटलं, मोठे रस्ते आणि उंच इमारती सांगतील. ताई म्हणाल्या, "एक तवा पाहिला. आणि त्याच्याभोवती सगळ्यांबरोबर बसलेली बाई पाहिली."

ताईंच्या लेकीच्या शेजारी एक आजी राहतात. त्यांचे आईवडील मेक्सिकोतून आलेले आणि आजींचं बालपण रिओ ग्रांदे नदीच्या खोऱ्यात गेलेलं. ही नदी म्हणजे तिथे दोन देशांची हद्द. ताईंना इंग्रजी येत नाही, आजींना मराठी येत नाही, मध्ये लेक दुभाषी. पण दोघी एका ओट्याशी उभ्या राहिल्या की फारसं बोलावं लागत नव्हतं, असं ताई सांगतात.

आजींनी फाहिताची गोष्ट सांगितली, ती आधी ऐका. त्या भागात गुरांचे मोठमोठे मळे होते. घोड्यावरून गुरं राखायला मेक्सिकन मजूर असत. १९३० च्या सुमारास मळ्यावर मजुरांच्या जेवणासाठी जनावर कापलं, की चांगलं मांस मालकाकडे जाई. डोकं, कातडं, आतडी आणि पोटातल्या पडद्याचा चिवट पट्टा मजुरांच्या वाट्याला येई, तोही मजुरीचा भाग म्हणून. स्पॅनिश भाषेत पट्ट्याला फाहा म्हणतात. फाहिता म्हणजे लहानसा पट्टा. म्हणजे ज्या तुकड्याला कोणी विचारत नव्हतं, त्याचंच नाव पुढे जेवणाला मिळालं.

तो पट्टा चिवट होता, पण त्याला चव होती. मजुरांच्या घरांत त्यावर लिंबू पिळायचं, लसूण-मीठ लावायचं, जाळावर भाजायचा, बारीक कापायचा आणि पोळीत गुंडाळून खायचं, ही रीत पडली. ही रीत कोणा एकाने शोधली नाही. हाती आलेल्यात घर चालवणाऱ्यांनी ती करत करत बसवली.

मग ती बाजारात आली. १९६९ साली टेक्सासमधल्या काइल गावात सॉनी फाल्कन नावाच्या खाटिकाने फाहिताचा ठेला लावला. विकायला ठेवलेला हा पहिला फाहिता मानतात. १९७३ साली ह्यूस्टन शहरात निन्फा लॉरेंझो या बाईंनी दहा टेबलांची खानावळ उघडली. या बाईंची गोष्ट आपल्या गटांना कळावी अशी आहे. त्या याच रिओ ग्रांदे खोऱ्यातल्या. नवऱ्याबरोबर तिकडच्या पोळ्यांचा, म्हणजे तोर्तियांचा कारखाना चालवत होत्या. १९६९ साली नवरा गेला. पदरी पाच मुलं. कारखाना अडचणीत आला, तेव्हा त्यांनी त्याच जागेत पुढच्या बाजूला टेबलं मांडली आणि भाजलेल्या मांसाचे पट्टे पोळीत घालून विकायला सुरुवात केली. तिथे रांगा लागल्या. फाहिता गावोगाव पोचवण्यात या बाईंचा मोठा हात आहे.

पण याला दुसरी बाजूही आहे. १९८० नंतर मोठ्या हॉटेलांनी फाहिता उचलला, तडतडणाऱ्या लोखंडी ताटलीत वाढायला सुरुवात केली. मागणी वाढली तसा त्या पट्ट्याचा भाव कित्येक पटींनी चढला. जो तुकडा आजींच्या घरी मजुरीत यायचा, तो विकत घेताना आता त्या दोनदा विचार करतात. आपल्याला हे नवीन नाही. नाचणी आणि वरईला गरिबाचं धान्य म्हणून नाकं मुरडणारेच आता शहरात महाग पाकिटं घेतात. म्हणून जे आपल्याला येतं, त्याला आपणच आधी किंमत द्यावी.

आता आजींची कृती. चार-पाच माणसांना त्या साधारण पाऊण किलो मांस घेतात. दोन-तीन लिंबांचा रस, चार लसूण पाकळ्या ठेचून, एक चमचा जिरेपूड, एक चमचा लाल तिखट, दोन मोठे चमचे तेल आणि मीठ एकत्र करून मांसाला चोळतात. कामावरून आल्या आल्या हे लावून ठेवायचं आणि मग हातपाय धुवायचे. अर्धा तास ते दोन तास पुरे. रात्रभर ठेवू नका, असं आजी बजावतात, कारण लिंबाच्या आंबटपणाने मांस वरून पिठूळ होतं.

तेवढ्यात दोन मोठे कांदे आणि तीन ढोबळ्या मिरच्या उभ्या कापून घ्यायच्या. बिडाचा तवा धूर येईपर्यंत तापवायचा. मांसावरचं पाणी टिपून घ्यायचं, कारण ओलं मांस भाजत नाही, वाफाळतं. एका बाजूने तीन-चार मिनिटं, दुसऱ्या बाजूने तेवढीच. सारखं हलवायचं नाही. मग तव्यावरून काढून पाच-दहा मिनिटं तसंच ठेवायचं, म्हणजे आतला रस आत मुरतो. त्या वेळात त्याच तव्यावर कांदा-मिरची मोठ्या आचेवर पाच-सहा मिनिटं परतायची. कडा करपायला हव्यात, पण भाजी लोळागोळा व्हायला नको.

आता खरी गोम कापण्यात आहे. मांसाला धागे असतात, कापडासारखे. त्या पट्ट्यात ते डोळ्यांना स्पष्ट दिसतात. सुरी धाग्यांना आडवी चालवायची आणि पातळ काप करायचे. धागे आखूड झाले की दाताला मऊ लागतं. सुरी धाग्यांच्या दिशेने चालवली, तर तेच मांस चावता चावत नाही. चिवट तुकडा मऊ करण्याची मजुरांची सगळी विद्या त्या एका सुरीच्या दिशेत आहे.

पोळ्या गरम करून फडक्यात गुंडाळायच्या. सोबत टोमॅटो, कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर यांची कोशिंबीर, थोडं घट्ट आंबट दही आणि लिंबाच्या फोडी. तिकडे अॅव्होकॅडो नावाचं फळ ठेचून तेही ठेवतात. मिरची आणि टोमॅटो मूळचे त्याच बाजूचे बरं का. पोर्तुगीज दर्यावर्दींबरोबर मिरची आपल्या किनाऱ्याला लागली, त्याला पाचशे वर्षं होत आली. त्यामुळे ती चव ताईंना परकी वाटली नाही.

आता ताईंनी पाहिलेली ती संध्याकाळ सांगतो. स्वयंपाक झाला. आजींनी तवा उचलून थेट टेबलाच्या मधोमध लाकडी पाटावर ठेवला. पोळ्या, कोशिंबीर, दही, सगळं भोवती. आजींचा मुलगा, सून, नातवंडं, ताई, लेक, जावई, सगळे बसले. ज्याने त्याने आपली पोळी घेतली, आपल्याला हवं तेवढं भरलं, गुंडाळलं आणि खाल्लं. ताई मात्र सवयीने ओट्याशी उभ्या. कोणाला काय लागतंय ते बघत होत्या. आजींनी शेजारची खुर्ची ओढली आणि हाताने थोपटली. ताई बसल्या. त्या म्हणाल्या, "पहिले दोन घास उतरलेच नाहीत. वाटत होतं, कोणाचं तरी काहीतरी राहिलंय. मग लक्षात आलं, कोणाचंच काही राहिलं नाही. गरम जेवण गरम असताना कधी खाल्लं होतं, ते आठवेना."

हे ऐकून आमच्या बैठकीत कोणी बोललं नाही. मग एकीने विचारलं, "आपल्यात सगळ्यांच्या आधी किंवा सगळ्यांबरोबर कोण जेवतं?" बावीस जणींत तीन हात वर झाले.

मैत्रिणींनो, हा नुसता मानाचा प्रश्न नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण २०१९ ते २०२१ मध्ये झालं. पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या शंभर बायकांपैकी देशात सत्तावन्न आणि महाराष्ट्रात चोपन्न जणींना रक्तक्षय आढळला. त्याची कारणं बरीच आहेत. पाळी आहे, बाळंतपणं आहेत, जंत आहेत. पण पातेल्यात शेवटी काय उरतं, हेही त्यात आहे. सगळ्यांना वाढून झाल्यावर मटणाचा रस्सा उरतो, फोडी उरत नाहीत. डाळीचं पाणी उरतं, डाळ तळाला खरवडून घ्यावी लागते.

फाहिताच्या ताटात एक चांगली गोष्ट आपसूक होते. मांसातलं लोह शरीराला लवकर लागतं. भाजीपाला, कडधान्यं यांतलं लोह तेवढं सहज लागत नाही, पण सोबत लिंबू, टोमॅटो, ढोबळी मिरची असली की ते जास्त लागतं, कारण त्यांत क जीवनसत्त्व असतं. आणि जेवणाबरोबर किंवा जेवल्या जेवल्या चहा घेतला, तर लोह कमी लागतं. म्हणून चहा तासाभराने घ्या. रक्त फारच कमी असेल तर नुसत्या जेवणावर विसंबू नका, आशाताईंना सांगा, तपासणी करा, गोळ्या घ्या.

आता आपल्याकडे हे कसं करायचं? तिथे ते गुराचं मांस असतं. आपल्या राज्यात गाय-बैलांच्या कत्तलीला कायद्याने बंदी आहे आणि आपल्यातल्या बऱ्याच जणी मांस खातच नाहीत. ताईंच्या लेकीच्या घरीही याच रीतीने कोंबडी करतात. आम्ही आधी बोकडाचं मटण घेतलं आणि फसलो. दहा मिनिटं तव्यावर ठेवलं, वर सुरीही धाग्यांच्या दिशेने चालवली. सगळ्याजणी चघळत बसलो आणि हसत बसलो. मटण तव्यावर झटपट शिजत नाही, हे आम्हाला ठाऊक असायला हवं होतं.

दुसऱ्या खेपेला अर्धा किलो बिनहाडाची कोंबडी घेतली. बोटाएवढे पट्टे कापले, तोच मसाला लावला आणि सहा-आठ मिनिटं परतली. उत्तम झाली. कोंबडी आतून जराही गुलाबी राहता कामा नये. कच्चं मांस कापलेली सुरी, पाट आणि हात साबणाने धुतल्याशिवाय कोशिंबिरीला लावू नका. कलेजीही अशी होते, तिच्यात लोह भरपूर असतं. ती पूर्ण शिजवा. पोटुशी बाईने मात्र कलेजी डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नये.

मांस न खाणाऱ्यांनी सोयाबीनच्या वड्या घ्याव्यात. गरम पाण्यात भिजवून घट्ट पिळा, मसाला लावा आणि तापल्या तव्यावर कडा लाल होईपर्यंत परता. पनीर चवीला छान लागतं, पण त्यात लोह फारसं नसतं, एवढं ध्यानात ठेवा. पोळी आपली घडीची चपाती चालते. बिडाचा तवा नसेल तर भाकरीचा लोखंडी तवा घ्या. तवा नीट तापणं महत्त्वाचं.

आमच्या गटाने ठरवलंय, आठवड्यातून एक संध्याकाळ अशी करायची. जेवण कोणतंही असो. फाहिता असेल, नाहीतर पिठलं-भाकरी असेल. भांडं मधोमध ठेवायचं, ज्याने त्याने आपलं वाढून घ्यायचं आणि आपणही त्याच वेळी बसायचं. पहिल्या आठवड्यात एका घरी सासूबाई रुसल्या, एका घरी मुलगा म्हणाला, "आई, पाणी?" आई म्हणाली, "माठ तिथंच आहे." तो उठला आणि दोन पेले भरून आणले. एक त्याचा, एक आईचा.

तुमच्या घरी काय होतं, ते पुढच्या बैठकीत सांगा आणि आम्हाला कळवा. आता रेडिओ बंद करा आणि जेवायला बसा. सगळ्यांबरोबर बसा.