एकटं वचन आणि एकटी बाई

(ख्रिस्ती महिला मंडळं आणि स्त्री संघटना यांच्या एकत्रित अभ्यास शिबिरातल्या भाषणाचं शब्दांकन)



आज इथे चर्चच्या महिला मंडळांतून आलेल्या बायका आहेत, तशाच देवाधर्माशी फारसं देणंघेणं नसलेल्या, वर्षानुवर्षं संघटनेचं काम करणाऱ्याही आहेत. स्त्री संघटनेच्या शिबिरात बायबल कशाला, असा प्रश्न तुमच्यापैकी काहींच्या मनात असणार. प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर असं, की ख्रिस्ती बाई सल्ला केंद्रात येते तेव्हा तिच्याबरोबर बायबलही येतं. अंगावर वळ असतात आणि डोक्यात एखादं वचन असतं. तक्रार अर्ज आपण तासाभरात लिहून देतो, कायदा समजावून सांगतो. ती मान डोलावते आणि पुढच्या तारखेला येत नाही. कारण मधल्या दिवसांत घरात, प्रार्थनासभेत, कधी पाळकसाहेबांकडून तिला ते वचन पुन्हा ऐकवलेलं असतं. तिच्या दृष्टीने तो देवाचा शब्द आहे. त्याच्यापुढे आपला कागद फिका पडतो.

'सोडून दे तो धर्म' असं म्हणणं सोपं आहे. पण त्याच धर्माने तिला तगवलेलंही असतं. नवऱ्याने घराबाहेर काढलं त्या रात्री तिला प्रार्थनेचाच आधार होता. म्हणून मला वाटतं, तिच्या हातातलं बायबल काढून घेण्यापेक्षा ते तिच्याबरोबर बसून नीट वाचणं हे आपलं काम आहे.

नीट वाचायचं म्हणजे कसं? बाईला गप्प करायला जे वचन वापरतात ते बहुतेक वेळा एकटं असतं. त्याच्या आधीचं तोडलेलं असतं, नंतरचं तोडलेलं असतं. आणि ते ऐकणारी बाईही एकटीच गाठलेली असते. तेव्हा वचन त्याच्या शेजारच्या वचनांसकट वाचायचं आणि आपणही चारचौघींनी मिळून वाचायचं, ही पहिली अट. तीन उदाहरणं घेऊ.

पहिलं इफिसकरांस पत्रातलं, अध्याय ५. बायकोने नवऱ्याच्या अधीन असावं, हे २२ वं वचन आपल्याला तोंडपाठ आहे. लग्नात ते वाचलं जातं आणि मार खाल्ल्यावर त्याची आठवण करून दिली जाते. आता त्याच्या आधीचं, २१ वं वचन काढा. तिथे सगळ्याच विश्वासणाऱ्यांना एकमेकांच्या अधीन राहायला सांगितलं आहे. मूळ ग्रीकमधल्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत २२ व्या वचनाला स्वतःचं क्रियापदच नाही, ते २१ व्यातून घ्यावं लागतं. म्हणजे ही दोन वचनं तोडली तर दुसऱ्याचं वाक्यही पुरं होत नाही. २५ व्या वचनापासून नवऱ्यांना जे सांगितलं आहे ते तर बायकांना सांगितल्यापेक्षा कितीतरी लांबलचक आहे: तिच्यावर स्वतःच्या शरीरासारखं प्रेम करा, ख्रिस्ताने मंडळीसाठी स्वतःला दिलं तसं द्या. स्वतःच्या शरीराला कोणी पट्ट्याने मारतं का?

आणखी पुढे, अध्याय ६ मध्ये, गुलामांना मालकाची आज्ञा पाळायला सांगितलं आहे. हे पत्र रोमन साम्राज्यातलं, पहिल्या शतकातलं. तिथे बायको, मुलं, गुलाम या सर्वांवर घरच्या कर्त्या पुरुषाचा अंमल असे. गुलामांबद्दलचं वचन त्या काळाचं होतं, हे आज सगळे मान्य करतात. मग त्याच यादीतलं बायकोचं वचन तेवढं सर्वकाळासाठी कसं, हा प्रश्न विचारायला आपण कचरता कामा नये.

दुसरं मलाखीचं, अध्याय २, वचन १६. देवाला घटस्फोटाचा तिटकारा आहे, असं त्याच्या आधारे सांगतात. या वचनाचं हिब्रू अवघड आहे आणि भाषांतरांमध्ये फरक आहेत. पण १४ व्या वचनापासून वाचलं की रोख कुणावर आहे ते स्पष्ट होतं. संदेष्टा पुरुषांना फैलावर घेतोय. तरुणपणी जिच्याशी लग्न केलंत तिच्याशी तुम्ही बेइमानी केलीत आणि देव त्याला साक्षी आहे, असं तो म्हणतो. त्याच १६ व्या वचनात जुलुमाचाही धिक्कार आहे. बायकोला टाकणाऱ्या पुरुषावर रोखलेलं हे बोट आपण मार खाणाऱ्या बाईकडे वळवलं.

त्याची किंमत ख्रिस्ती बायकांनी कायद्यातही मोजली. १८६९ च्या भारतीय घटस्फोट कायद्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार एवढंच कारण पुरे होतं. बायकोला मात्र व्यभिचाराबरोबर क्रूरता किंवा परित्याग असं आणखी काहीतरी सिद्ध करावं लागे. नुसती मारहाण असेल तर सुटका नव्हती. ज्या इंग्लंडच्या कायद्यावरून हा घेतला, तिथे व्यभिचाराबाबतचा हा भेद १९२३ मध्येच गेला. आपल्याकडे १९९५ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने आणि १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या आणि २००१ मध्ये संसदेने कायदा बदलला. तेव्हापासून क्रूरता हे स्वतंत्र कारण झालं आणि परस्परसंमतीचा मार्गही खुला झाला. ही दुरुस्ती मागणाऱ्यांत स्त्री संघटनांबरोबर चर्चमधली मंडळीही होती, हे लक्षात ठेवा. शिवाय २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा सर्व धर्मांच्या बायकांना लागू आहे. त्याखाली संरक्षण मागायला घटस्फोट घ्यावा लागत नाही. पाळकांच्या भीतीने घटस्फोट नको म्हणणाऱ्या बाईला हे जरूर सांगा.

तिसरं करिंथकरांस पहिल्या पत्रातलं, अध्याय १४, वचन ३४: बायकांनी सभेत गप्प राहावं. याच पत्रात मागे, अध्याय ११ मध्ये, बाईने प्रार्थना करताना आणि देवाचा संदेश देताना डोकं कसं ठेवावं याबद्दल पौल सूचना देतो. ज्या बायका सभेत बोलतच नव्हत्या त्यांना या सूचना कशाला? आणि रोमकरांस पत्राचा शेवटचा, १६ वा अध्याय काढा. तो नुसता नावांचा म्हणून आपण भराभर वाचून संपवतो. पहिलंच नाव फिबी या बाईचं आहे. तिच्यासाठी 'सेवक' या अर्थाचा जो ग्रीक शब्द वापरला आहे, तोच पौल इतरत्र स्वतःसाठी वापरतो. पुढे प्रिस्किल्ला आहे, मरिया आहे. बायकांच्या कष्टांवर उभी राहिलेली ती मंडळी होती. आपल्याकडे जेवणावळ बायकांची आणि कमिटी पुरुषांची, असं का, हा प्रश्न त्या यादीसमोर बसून विचारा.

ही झाली आपल्याविरुद्ध वापरलेली वचनं. आता आपल्या बाजूने उभी राहणारी, पण उपदेशात क्वचितच ऐकू येणारी एक गोष्ट पाहू.

गणना, अध्याय २७. सलाफहादच्या पाच मुली: महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा. बाप वारला, भाऊ नाही. जमिनीची वाटणी व्हायची आहे आणि त्यात मुलींना वाटा नाही. या पाचजणी दर्शनमंडपाच्या दारापाशी मोशे, याजक, सरदार आणि सगळा समाज यांच्यासमोर उभ्या राहतात आणि आपला वाटा मागतात. मोशेकडे उत्तर नसतं. तो देवाला विचारतो आणि देव सांगतो, की मुलींचं म्हणणं बरोबर आहे. नियम बदलतो.

इथे थांबलो तर गोष्ट गोड आहे, पण अर्धवट आहे. अध्याय ३६ मध्ये वंशातले पुरुष तक्रार घेऊन येतात आणि मुलींवर अट पडते, की लग्न आपल्याच वंशात करायचं, म्हणजे जमीन बाहेर जाणार नाही. मिळालेला हक्क कातरला गेला. आणि यहोशवाच्या १७ व्या अध्यायात, जमिनीचं वाटप होताना, याच मुलींना पुन्हा पुढाऱ्यांसमोर जाऊन आठवण करून द्यावी लागते. आदेश निघणं आणि ताबा मिळणं यांत किती अंतर असतं, ते तलाठ्याकडे खेटे घालणाऱ्या बाईला वेगळं सांगायला नको.

मेरी रॉय यांचा खटला आठवा. केरळात १९१६ च्या त्रावणकोर ख्रिस्ती वारसा कायद्याने मुलीला मुलाच्या वाट्याच्या चौथा हिस्सा किंवा पाच हजार रुपये, यांतलं जे कमी असेल ते मिळे. मेरी रॉय सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १९८६ मध्ये निकाल लागला, की तिथल्या ख्रिस्ती मुलींनाही १९२५ चा भारतीय वारसा कायदाच लागू आहे. प्रत्यक्ष वाटा पदरात पडायला मात्र त्यांना पुढे अनेक वर्षं झगडावं लागलं.

महाराष्ट्रात आपल्याला १९२५ चाच कायदा लागू आहे. मृत्युपत्र नसेल तर मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखा. तरीही बाप गेल्यावर महिन्याभरात भाऊ हक्कसोड पत्र घेऊन दारात येतो. 'सही कर, माहेर तुटायला नको.' इतर धर्मांतल्या बहिणींचंही हेच. त्या वेळी बायबलमध्ये प्रेमाने त्याग करायला सांगितलं आहे, असं कोणी म्हणालं तर दोन ठिकाणं दाखवा. एक गणना २७. दुसरं ईयोब ४२, वचन १५: ईयोबाने आपल्या मुलींना त्यांच्या भावांबरोबर वतन दिलं. भाऊ असतानाही दिलं. सही करायची की नाही हे बहिणीने ठरवावं, पण देवाचं नाव घेऊन तिच्याकडून करवून घेऊ नये.

आता एक अडचणीची जागा. बायबल आपल्या बाजूचं आहे असं सिद्ध करायच्या भरात आपणही वचनं तोडायला लागू, हा धोका आहे. उत्पत्ति, अध्याय १६. हागार ही सारायची दासी, परक्या देशातली. मालकिणीच्या जाचाला कंटाळून ती गरोदरपणी पळून जाते. रानात देवदूत तिला गाठतो, तिचं दुःख ऐकल्याचं सांगतो. ती देवाला नाव देते, आपल्याला पाहणारा देव. पण तोच देवदूत तिला मालकिणीकडे परत जायला, तिच्या हाताखाली राहायला सांगतो. हे टोचतं, आणि टोचू द्यावं. अमेरिकेतल्या काळ्या स्त्री अभ्यासक डेलोरेस विल्यम्स यांनी १९९३ च्या आपल्या पुस्तकात नेमकी हीच जागा धरली. देव हागारला गुलामीतून सोडवत नाही, तगून राहण्याची वाट दाखवतो, असं त्यांनी मांडलं. ज्यांच्या पणज्या गुलाम होत्या त्यांना हे वाचन पटलं. घरकाम करणाऱ्या आपल्या मैत्रिणींनाही ते कळेल. एका मालकिणीचा जाच सोसून महिनाअखेरपर्यंत थांबणं म्हणजे शरणागती नसते, ते हिशेबाने तगणं असतं. पण हेच वचन मार खाणाऱ्या बाईला 'परत जा' म्हणून सांगितलं, तर तो तिच्या जिवाशी खेळ आहे. एकच गोष्ट कुणाला, कधी आणि कुणी सांगायची, हेही अभ्यासातच येतं.

अशा वाचनाची वाट आपल्याकडे नवी नाही. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. तिथल्या चर्चच्या अधिकाऱ्यांनी आपल्या सदसद्विवेकावर हुकमत गाजवू नये, यासाठी त्यांनी पत्रांतून कडाडून वाद घातला. एका पुरोहितवर्गाचं जोखड फेकून दुसऱ्याचं मानेवर घ्यायला त्या तयार नव्हत्या. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबलचं मराठीत भाषांतर केलं. १९२२ मध्ये मरण येईपर्यंत त्या या कामात होत्या. आधीच्या भाषांतरांतली जड, संस्कृतप्रचुर भाषा साध्या बाईला कळत नाही, ही त्यांची तक्रार होती. ते बायबल मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्याच बायकामुलींच्या हातांनी छापलं गेलं. ज्या बायकांना समाजाने टाकून दिलं होतं त्यांनी देवाच्या शब्दाचे खिळे जुळवले. त्यांच्या लेकीनातींना वचन समजावून घ्यायला दर वेळी पुरुषाची परवानगी का लागावी?

गावोगावी गट सुरू करणाऱ्यांसाठी काही सूचना. गट सात-आठ जणींचा असावा, वाचता न येणारीही त्यात असावी. उतारा दोनदा मोठ्याने वाचावा. मग विचारावं: इथे बोलतंय कोण, गप्प कोण आहे? हे कुणाला सांगितलं आहे? आधी काय घडलं, नंतर काय? ही आज्ञा आहे की नुसती हकिकत? शास्ते, अध्याय १९ मध्ये एका बाईवर रात्रभर अत्याचार होतो. ते घडलं म्हणून लिहिलं आहे, तसं करावं म्हणून लिहिलेलं नाही. शेवटी विचारावं, की आपल्या गावात ही बाई कोण? आणि गट उठण्याआधी एक काम ठरवावं: कुणाबरोबर पोलीस ठाण्यात जायचं, कुणाचा सातबारा काढायचा, कुणाला दवाखान्यात न्यायचं. लूकच्या १८ व्या अध्यायातली विधवा न्यायाधीशाच्या दारात पुन्हा पुन्हा गेली. येशूने ही गोष्ट प्रार्थना कशी करावी ते शिकवायला सांगितली. तेव्हा 'कोर्टकचेरी सोड, प्रार्थना कर' म्हणणाऱ्याला ही विधवा दाखवा.

दुपारच्या सत्रात मार्क, अध्याय ५, वचन २५ ते ३४ घ्यायचं आहे. बारा वर्षं रक्तस्राव होणारी बाई. वैद्यांवर होतं नव्हतं ते खर्च केलं आणि दुखणं वाढलंच. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न चव्हाट्यावर आला होता, तो समोर ठेवून हा उतारा वाचा. ती विटाळलेली मानली जाई, तरी गर्दीत शिरली. येशूने तिला सगळ्यांसमोर बोलू दिलं, तिची सगळी हकिकत ऐकून घेतली आणि तिला मुलगी म्हटलं. आपल्या गटात कुणाची हकिकत अजून कुणीच पुरती ऐकलेली नाही, तिला आज आधी बोलू द्या.