खोकला म्हणजे टीबीच असे नाही
(रविवारच्या उपासनेनंतर केलेले भाषण)



धडगावकडच्या पाड्यावरील एका मावशींविषयी सांगतो. तीन महिने खोकला, वजन उतरलेले. छातीच्या फोटोत डाग दिसला. थुंकीत जंतू सापडले नाहीत, तरी टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. त्या मला म्हणाल्या, “भाऊ, गुण येत नाही.” मी म्हणालो, “मावशी, सहा महिन्यांचा कोर्स आहे, धीर धरा.” आणि प्रार्थना करून निघून आलो. पाचव्या महिन्यात थुंकीतून रक्त पडले. मग सीटी स्कॅन, बायोप्सी. फुप्फुसाचा कर्करोग निघाला. प्रार्थना चुकीची नव्हती. त्यांना पुन्हा डॉक्टरांकडे नेले नाही, ही माझी चूक.

आपल्याकडे टीबी फार, म्हणून खोकला म्हटले की तोच आठवतो. फोटोत दोन्ही आजार सारखे दिसू शकतात. खोकला दोन आठवड्यांहून जास्त राहिला तर थुंकी तपासून घ्या. टीबी निघाला तर गोळ्या मध्येच सोडू नका. पण जंतू सापडले नसतील, किंवा औषध चालू असूनही वजन घटते, दम लागतो, आवाज बसतो, रक्त पडते, तर डॉक्टरांना सरळ विचारा, दुसरे काही असेल का? तुकडा काढून तपासल्यावरच कर्करोगाचे निदान पक्के होते.

मावशींनी बिडी कधी ओढली नव्हती. (मी तीनदा विचारले, आता लाज वाटते.) तंबाखूचा धूर हे सर्वांत मोठे कारण खरे, आणि बिडी सिगारेटपेक्षा सौम्य नाही. पण घरातल्या दुसऱ्याच्या बिडीचा आणि कोंडलेल्या चुलीचा धूरही धोका वाढवतो.

लवकर सापडला तर शस्त्रक्रियेने गाठ काढता येते. पुढे गेलेल्या आजारात केमोथेरपी, किरणोपचार असतात. काहींच्या गाठीत जनुकीय बदल सापडतो, त्यांना रोजची गोळी लागू पडते. मावशींना ती लागू पडली. आजार गेलेला नाही, पण खोकला ओसरला आहे आणि त्या उपासनेला येतात.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार आहेत. रेशनकार्ड, आधारकार्ड जवळ ठेवा. प्रवासखर्च तुमच्या दानातून निघतो. कमी पडते ते माणूस. मुंबईत मावशींची पावरी कोणाला कळत नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा जायचे आहे. पावरी बोलणाऱ्या कोणाला तीन दिवस काढता येत असतील, तर आज मला भेटून जा.